नखाएवढं पावणं

आमच्या घरमालकांना हळू बोलता येत नाही. ते बोलत नाहीत असं नव्हे, येतच नाही. देवानं त्यांच्या गळ्यात आवाज कमी करायची खुंटीच बसवलेली नाही. सगळ्या कोल्हापुरात त्यांच्याइतका मोठ्या आवाजाचा माणूस दुसरा नाही, असं मी छातीठोकपणे सांगते. आणि लक्षात घ्या, हे मी कोल्हापुराविषयी बोलतेय, जिथं दोन मित्र कानगोष्ट करायला लागले की पलीकडच्या गल्लीतली माणसं भांडण कुठं लागलंय ते बघायला बाहेर येतात. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षं भाड्यानं राहते. एकटीच असते. घरी बसून पुस्तकांची, लग्नपत्रिकांची टायपिंगची कामं करते, त्यामुळं दिवसभर त्यांचा आवाज मला सोबतीला असतो. अकरा वर्षांत मी कधी गजर लावलेला नाही. सकाळी सहाच्या ठोक्याला खालून "च्या झाला का" असं येतं. प्रश्न असतो त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, पण त्या एका प्रश्नावर गल्लीतल्या सात-आठ घरांतला चहा गॅसवर चढतो.

याला कारण त्यांची नोकरी. पस्तीस वर्षं ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते पुकारायचं. मूळचे चंदगडकडचे, नोकरीची पहिली वर्षंही तिकडंच गेली, आणि चंदगडात पावसाळा लागला की पत्र्यावर पाऊस असा धरतो की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं त्यांनी पावसाच्या वरताण आवाज काढून गाड्या पुकारल्या. पुढं कोल्हापूर स्टँडला बदली झाली. तिथं पुकारायला चांगला भोंगा होता, पण त्यांनी तो कधी मनापासून वापरला नाही. भोंग्यानं आवाज नाजूक होतो असं त्यांचं म्हणणं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातला स्टँड काही गेलेला नाही. मी भाजीला निघाले की जिन्याखालून विचारणा होते: कुठं, कशानं, परत किती वाजता. सांगितल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशीर झाला तर हे दारात मनगटावरचं घड्याळ बघत उभे. पाहुण्यांची तर दैनाच. एकदा माझा भाऊ इचलकरंजीहून आला होता, चारची गाडी धरतो म्हणाला, एवढंच त्याचं चुकलं. सव्वातीनला काकांनी त्याला जिन्यावरून खाली काढला, त्याची पिशवी स्वतःच्या हातानं रिक्षात ठेवली, आणि हात वर करून रिक्षावाल्याला "जाऊ द्या" केलं. माझा भाऊ माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडं बघत बघत गेला. त्याला अजून वाटतं की त्याचं काहीतरी चुकलं होतं. आणि गाड्यांची इतकी माया असून हा माणूस स्वतः गाडीत म्हणून बसत नाही. लग्नाकार्याला काकू जातात, हे त्यांना रवाना करतात. लोकांना वेळेत सोडणं आपलं काम, पोचणं लोकांचं, अशी त्यांची सरळ वाटणी आहे.

दुसरी खोड म्हणजे लहान वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. काहीही विकत घ्यायचं तर ते आधी तळहातावर घेऊन तोलतात. चप्पल तोलतात, टॉर्च तोलतात, मटण तर दुकानदारानं तोलल्यावर परत तोलतात. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची एवढीशी गोळी लिहून दिली, तेव्हा ती तळहातावर धरून त्यांनी विचारलं होतं की ही लहान मुलांची तर नव्हे ना. डॉक्टरांनी खूप समजावलं. तरी घरी येऊन महिनाभर गोळी भाकरीच्या मोठ्या तुकड्यात घालून खायचे, म्हणजे पोटात काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

या सगळ्याला काकूंनी कसं सोसलं हे मला कधी कळलं नाही, कारण काकू बोलतच नाहीत. माहेर कोडोलीचं, कामाला वाघीण, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. नवरा-बायको एकमेकांशी बोलत बसलेत असं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. मात्र रोज सकाळी दहाला पुढच्या सोप्यात काका खुर्चीत बसायचे, काकू खाली जमिनीवर सूप नाहीतर विळी घेऊन बसायच्या, आणि काका पेपर वाचायचे. मोठ्यानं. पहिल्या पानावरच्या नावापासून ते शेवटच्या पानाच्या तळाला छापखान्याचा पत्ता असतो तिथपर्यंत, एक ओळ न गाळता. मुख्यमंत्री काय म्हणाले, पन्हाळ्यावर गाड्यांची किती गर्दी झाली, कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला, गुळाचा भाव, टेंडर नोटिसा, सगळं एका सुरात. निधनवार्ता तर अशा वाचायचे की गेलेला माणूस फलाट क्रमांक तीनवरून निघालाय असं वाटावं. दर बातमीच्या शेवटी ते क्षणभर थांबायचे, काकू खाली मान घालून "हं" म्हणायच्या, की पुढची बातमी. दीड-दोन तास हे चालायचं. मी वर काम करत ऐकायची. अकरा वर्षांत मी पेपर लावला नाही, कशाला लावायचा?

मग गेल्या वर्षी त्यांच्या लेकीला दिवस गेले. एकुलती एक लेक, मेलबर्नला असते, तिथंच नोकरी. बाळंतपणाला आईनं यावं असं ठरलं, सहा महिन्यांसाठी. लेकीनं दोघांनाही बोलावलं होतं, पण काकांनी विमानाच्या तिकिटाकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले की एकजण घरात पाहिजे. काकू पुण्याच्या गाडीनं जाणार, पुढं ओळखीचं एक कुटुंब त्याच विमानानं जाणार होतं, त्यांच्याबरोबर. स्टँडवर मीही गेले होते. तिथं काकांच्या अंगात वारंच आलं. काकूंची बॅग त्यांनी आडवीची उभी, उभीची आडवी केली. पाण्याची बाटली आहे का बघितलं, ड्रायव्हरला गाव विचारलं, मागं लागलेली दुसरी गाडी हलवायला लावली, आणि बरोबर वेळेला गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारून हात वर केला. गाडी गेली. एक मिनिट उशीर नाही. ते समाधानानं घड्याळ बघत वळले, चार पावलं चालले आणि जागच्या जागी थांबले. मला म्हणाले, "तिच्याशी बोलायचं ऱ्हायलंच की वं." मी म्हटलं फोन लावून देते. तर नको म्हणाले. गाडीत सगळ्यांच्या देखत काय बोलायचं? घरी येईपर्यंत रिक्षात ते गप्प होते, आणि ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घर इतकं शांत होतं की माझं टायपिंग थांबलं. वाटलं, बरं नाही की काय. खाली जाऊन बघितलं तर ते खुर्चीत बसलेले, पेपर मांडीवर घडी न मोडता तसाच. त्या आठवड्यात ते माझ्या दारात रोज काहीतरी विचारायला आले. जिरं कुठल्या डब्यात असतं? दूध नासलं की फेकायचं का? उंबऱ्यावर कोण रांगोळी घालतं? शेवटचा प्रश्न ऐकून मी हसले, तर ते खरंच विचारत होते. चाळीस वर्षं रोज रांगोळी बघत आले होते, ती कुणीतरी घालतं हे त्यांना तेव्हा समजलं.

फोनवर व्हिडिओ लावून देण्याचा उद्योग मी केला. जमला नाही. त्यांचा उजवा हात थोडा थरथरतो. हातात फोन धरला की पडद्यावर काकू हलायच्या, आणि यांना वाटायचं तिला तिकडं थंडी वाजतेय. तांब्याला टेकवून फोन उभा केला, तर म्हणाले, पासपोर्टच्या फोटोएवढी बायको कशी बघायची? शेवटी त्यांनीच सुचवलं की आतल्या खोलीत लेकीचा कॉम्प्युटर आहे, त्याचा पडदा चांगला परातीएवढा आहे, त्यावर दाखवा. लेक इंजिनिअरिंगला असतानाचा तो कॉम्प्युटर, जुना पण धडधाकट, कॅमेरासुद्धा होता. नव्हतं ते नेट. माझं वायफाय वरच्या मजल्यावर. वायर टाकायची तर जिन्यावरून दोन दारं ओलांडून न्यायला लागणार. मी म्हटलं, काका, तुमचं स्वतःचं कनेक्शन घ्या, माणसाला बोलावते. त्या माणसानं येऊन सांगितलं की कमीत कमी वर्षाचं घ्यावं लागेल. काका ताडकन उठले. "वरीसभर कशाला? ती सा म्हैन्यात येनार हाय." त्या बिचाऱ्यानं समजूत काढायचा प्रयत्न केला, पण वर्ष हा शब्द ज्यानं काढला त्याला त्या घरात चहासुद्धा मिळाला नाही.

तेव्हा मी त्यांना शाहूपुरीतल्या एका दुकानात घेऊन गेले. कॉम्प्युटरला मागं किंवा पुढं खोचायचं एक बारकं वायफायचं यंत्र मिळतं, वायर नको, काही नको. दुकानदारानं ते काचेवर ठेवलं. करंगळीच्या नखाएवढं, काळं. काकांनी ते बघितलं, मग त्याच्या आजूबाजूला बाकीचं यंत्र कुठं आहे ते शोधलं. एवढंच आहे म्हटल्यावर तळहातावर घेऊन तोललं आणि दुकानदाराकडं असं बघितलं की त्यानं काही लबाडी केली नसताना नजर वळवली. मोठं, एरियलचं आहे का म्हणून विचारलं. होतं, पण पुढल्या आठवड्यात येणार होतं. पुढला आठवडा म्हटल्यावर काकांनी ते बारकं यंत्र परत तळहातावर घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लहान वस्तूवर विश्वास ठेवला.

घरी येऊन मी ते बसवायला घेतलं. आधी मागच्या बाजूला खोचलं, तिथं भिंतीमुळं नेट येईना, मग पुढं खोचलं. त्याला आधी ड्रायव्हर टाकावा लागतो म्हटलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्या दिवसातलं मी बोललेलं एवढंच त्यांना पटलं होतं. शेवटी त्याचा निळा दिवा लुकलुकला. दुसऱ्याच्या घरचं नेट खायला आलंय म्हणून त्यांनी त्याचं नाव पावणं ठेवलं. पावण्याच्या अंगावर धूळ बसू नये म्हणून रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं ते पुसायचे. आणि रोज पावणेदहाला जिन्याखालून हाक यायची, "ताई, नेट घेऊ का?" शंभरदा सांगितलं, काका, विचारायला नको, ते सुरूच असतं. तर म्हणायचे, न विचारता कुणाच्या घरचं घेऊ नये. पंधरा दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं की काका माझं नेट घेतात आणि कशाला घेतात.

पहिल्या दिवशी काकू पडद्यावर आल्या तेव्हा मी तिथंच होते. काका खुर्चीत ताठ बसलेले, नवा सदरा घातलेला. काकूंनी पदर सारखा केला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मी बाहेर जायला पाहिजे होतं, पण खरं सांगते, गेले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी एकमेकांना समोरासमोर बसून असं कधी बघितलंच नसणार; एक खुर्चीत, एक जमिनीवर, आणि मधे पेपर. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "च्या झाला का?" तिकडं दुपारचे अडीच वाजले होते. काकू झाला म्हणाल्या. मग पुन्हा दोघं गप्प. दुसऱ्या दिवसापासून काकांनी पेपर बरोबर नेला आणि सगळं सुरळीत सुरू झालं. तिकडं काकू लसूण सोलत नाहीतर मेथी निवडत बसायच्या, इकडं हे वाचायचे, खालून "हं" ऐकू यायचं, आणि वर माझं टायपिंग पहिल्यासारखं चालू झालं. महिन्याभरानं तिकडं नातू झाला. काकांनी ती बातमी गच्चीवरून सांगितली, पेढे वाटायची खरं तर गरज नव्हती.

मग एकदा त्यांच्या लेकीचा मला मेसेज आला. दुसऱ्याच कामाचा होता, शेवटी लिहिलं होतं: ताई, तुम्हाला म्हणून सांगते, बाळ नेमकं त्याच वेळेला झोपतं, बाबांचा आवाज म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं आई तिकडचा आवाज पूर्ण बंद करून बसते. बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

मला काकूंचा असा राग आला की काय सांगू. हा माणूस सकाळी उठून दाढी करतो, नवा सदरा घालतो, दोन तास घसा फोडतो, आणि या तिकडं अंदाजानं "हं" म्हणतात? हे दम घ्यायला थांबले की ओठ मिटलेले दिसत असणार, की म्हणायचं हं. लेकीनं सांगितलं म्हणून मी गप्प बसले. पण त्यानंतर दहाला खालून आवाज सुरू झाल्यावर दोन-तीनदा तर मी खिडकी लावून घेतली. खिडकीनं त्यांचा आवाज अडत नाही, तो भाग वेगळा.

सहा महिने व्हायला आले तसं काकांनी घर झाडून काढलं, उंबऱ्यावर रांगोळीचा एक ठसा आणून उमटवला. आणि एका संध्याकाळी लेकीचा फोन आला की बाळाला पाळणाघरात जागा मिळत नाही, तिची रजा संपली, आईचा मुक्काम आणखी सहा महिने वाढवलाय. मी तिथंच होते. काका नुसतं "बरं" म्हणाले. फोन ठेवून दिला आणि परत एकदा "बरं" म्हणाले, कुणालाच नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर वाचून संपवला आणि थांबले नाहीत. पुरवणी वाचली. मग कालचा पेपर परत वाचला. मग कॅलेंडरच्या मागचं राशिभविष्य. काकूही उठल्या नाहीत, हे मी त्यांच्या "हं" वरून सांगते. तीन तास झाले, साडेतीन झाले, आणि ते नखाएवढं यंत्र हात लावला तर चटका बसेल इतकं तापलं. आता तापलं तर बंद करावं. पण बंद करायचं म्हणजे काकू जाणार. काकांनी काय करावं? पूर्वी तिलारीचा घाट चढून आलेली गाडी तापली की ड्रायव्हर बॉनेटवर ओलं पोतं टाकायचे, ते त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. त्यांनी मोरीतलं फडकं ओलं करून आणलं आणि पावण्याच्या डोक्यावर घातलं. निळा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. मी खाली आले तेव्हा ते फडकं हातात धरून उभे होते. मी बोलू नये तेवढं बोलले. कॉम्प्युटरमध्ये पाणी घालतात का, कॉम्प्युटर म्हणजे काय एस.टी. आहे का, अख्खा जळला असता म्हणजे? एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, एका शब्दानं उलट बोलला नाही. फक्त विचारलं, उद्यापर्यंत मिळेल का.

मिळालं नाही. शाहूपुरीतल्या दुकानात संपलेलं, आणखी दोन ठिकाणी विचारलं तर हल्ली ही वस्तू कोण ठेवतंय म्हणाले. मागवून घ्यायला लागलं, चार दिवस लागणार होते; तोवर फोनवर दाखवते म्हटलं, तर नको म्हणाले. कॉम्प्युटर वाचला हेच नशीब. तिसऱ्या दिवशी दहाला मला राहवेना, खाली गेले. ते आतल्या खोलीत काळ्या पडद्यासमोर बसलेले, शेजारी स्टुलावर तीन दिवसांचे पेपर, एकाचीही घडी मोडलेली नाही. वाचले नाहीत का म्हटलं, तर म्हणाले, एकट्यानं काय वाचायचं. म्हटलं, मी बसते, मला वाचून दाखवा. आणि बसलेच, जमिनीवर, काकू बसायच्या तशी. त्यांनी पेपर उघडला, पन्हाळ्याच्या रस्त्याची एक बातमी सुरू केली, तीन ओळी वाचल्या आणि पेपर खाली घेतला.

"न्हाई जमत, ताई. तुमी लई ध्यान देऊन ऐकताय."

माझा मूळचा स्वभाव तापट, त्यात दोन महिने मनात साठलेलं. मी फटकन बोलून गेले की काकू तरी कुठं ऐकतात, त्या आवाज बंद करून बसतात. बोलले आणि जीभ चावली. लेकीला दिलेला शब्द गेला, आणि समोर म्हाताऱ्या माणसाचं तोंड. मला वाटलं आता हे मोडून पडणार.

काकांनी पेपरची घडी नीट घातली. "ठावं हाय की," म्हणाले.

कधीपासून म्हटलं, तर नातू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यापासून. काकूंचं "हं" थोडं मागं-पुढं पडायला लागलं होतं, म्हणून त्यांना शंका आली. मग एके दिवशी त्यांनी पेपरात नसलेली बातमी वाचली: कोडोलीत हत्ती शिरला आणि काकूंच्या थोरल्या भावाचं अख्खं स्वयंपाकघर खाऊन गेला. माहेरचं नाव निघालं तर ही बाई झोपेतून उठून बसते. ती म्हणाली हं, आणि मेथी निवडत राहिली. तेव्हा कळलं, म्हणाले. सांगताना ते हसत होते. मला हसू येईना. मी विचारलं, मग रोज एवढ्या मोठ्यानं वाचता कशाला, काका? नुसते बसा की दोघं समोरासमोर.

त्यांनी सोग्यानं काळा पडदा पुसला. मग म्हणाले, "घरात हुती तवा बी कुठं ऐकत हुती? पर बसायची. आता बी बसती." आणि पुढं म्हणाले, "आन् एकांद्या दिशी पोरगं जागं असंल. त्या दिशी तिनं आवाज लावला आन् मी गप बसलेला असलो तर?"

मी उठले, वर जाऊन त्यांना चहा करून आणला. त्यांनी तो प्यायला आणि स्टुलावरच्या पेपरांच्या कडा एकसारख्या लावत बसले.

पाचव्या दिवशी सकाळी नवीन यंत्र खोचलं. तसंच काळं, तेवढंच. निळा दिवा लागला, काकू आल्या. खांद्यावर नातू झोपलेला, तो त्यांनी हळूच शेजारी ठेवला आणि लसूण पुढं ओढला. काकांनी सर्वांत जुना पेपर उचलला, साठलेले सगळे क्रमानं वाचायचे होते. मी दारापर्यंत आले होते. राधानगरीत पाणी किती, कुणाचं उपोषण सुटलं, आजऱ्याला भात पोटरीला आलं, सगळं त्याच आवाजात चाललं होतं. आणि त्याच आवाजात, त्याच सुरात, पेपरवरची नजर न हलवता ते पुढं वाचत गेले, "तुज्याबिगर घरात करमत न्हाई. लौकर ये. सोन्याच्या दरात किरकोळ घट."

बाहेर भाजीच्या गाडीवरची मावशी तराजू धरून तशीच थांबली. समोरच्या घरात कुणीतरी नळ बंद केला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मेलबर्नला काकूंनी मान खाली घालून लसणाची पुढची पाकळी घेतली आणि म्हणाल्या, "हं." काका पेपरवरून थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिले, मग त्यांनी पान उलटलं आणि बाजारभाव वाचायला घेतले.

तेव्हापासून असं एखादं वाक्य रोज येतं. कधी गुळाच्या भावानंतर, कधी निधनवार्तांच्या मधे. काल म्हणाले, उशाला तुझी शाल घेतो. गल्लीत यावर कुणी त्यांना चिडवत नाही, कोल्हापूरची गल्ली असून. मला कुणी इतक्या मोठ्यानं कधी बोलावलं नाही, आणि दहा वाजले की मला काकूंचा हेवा वाटतो, हेही सांगून टाकते. काकू आता मार्चमध्ये येणार आहेत म्हणे. तोवर त्यांच्या वाट्याचं आम्ही सगळे ऐकून घेतो.